डबलसीट दूरच्या प्रवासासाठी नवी मोटरसायकल कशी निवडावी

इंदुरात मोटरसायकलींच्या शोरूमना तोटा नाही आणि सल्ला देणाऱ्यांना तर मुळीच नाही. तरीही जोडीने ओंकारेश्वर, मांडू, महेश्वर करायचे आणि सुट्टीत नाशिक-पुण्याच्या नातेवाइकांपर्यंत गाडीनेच जायचे, असे ठरवून खरेदीला निघालेल्या माणसाला हवी ती माहिती एका जागी मिळत नाही. सेल्समन, मित्रमंडळी, व्हिडिओ करणारे, हे सगळे गाडीचा विचार पुढच्या सीटवरून करतात. ज्या गाडीवर दोघांना दिवसाला दोनशे-तीनशे किलोमीटर काढायचे आहेत, तिची निवड मागच्या सीटपासून सुरू करावी आणि तिथे जी गाडी नापास होईल तिच्या इंजिनाची वा रंगाची चौकशी करण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

१. आधी रस्ते ठरवा

गाडीची यादी करण्यापूर्वी पुढच्या वर्षभरात तुम्ही दोघे खरोखर कुठे जाणार आहात ते कागदावर लिहून काढा. लेह-लडाखचे स्वप्न जरूर ठेवा, पण गाडी त्या स्वप्नासाठी घेऊ नका. इंदूरकरांच्या बहुतेक फेऱ्या शंभर किलोमीटरच्या आतल्या असतात: उज्जैन पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, ओंकारेश्वर सुमारे ऐंशी, मांडू आणि महेश्वर शंभरच्या आतबाहेर. नाशिकला सेंधवा-धुळे मार्गे चारशेहून थोडे अधिक आणि पुण्याला सहाशेच्या घरात अंतर पडते.

या रस्त्यांचा एक स्वभाव नकाशावर लगेच दिसत नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि नर्मदेकाठचे निमाड त्याहून तीन-चारशे मीटर खाली आहे. त्यामुळे सिमरोलवरून भेरूघाटाने बडवाहकडे जा, महूवरून जाम दरवाजाच्या वळणांनी मंडलेश्वरला उतरा किंवा मानपूरवरून धामनोदकडे जा, सकाळी ताजेतवाने असताना उतार लागतो आणि संध्याकाळी मागची व्यक्ती दमलेली, बॅगा भरलेल्या आणि पुढे ट्रक रांगत असताना चढ लागतो. तुमच्या गाडीची खरी परीक्षा परतीच्या त्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पस्तीस-चाळीसच्या वेगात होणार आहे. सुपर कॉरिडॉरवरच्या मोकळ्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

२. मागे बसणाऱ्या व्यक्तीला पहिल्या दिवसापासून सोबत न्या

मागे बसणारी व्यक्ती पत्नी असेल, नवरा असेल, बहीण, वडील किंवा मित्र असेल. तिला "गाडी आली, बघायला ये" असे सांगून शेवटी बोलावू नका. शोरूमच्या पहिल्याच फेरीत तिला प्रत्येक गाडीवर किमान दहा मिनिटे बसवा, तेही हेल्मेट घालून आणि तुम्ही पुढे बसलेले असताना. एकट्याने मागच्या सीटवर बसून काहीच कळत नाही, कारण पुढच्या माणसाची पाठ, त्याचे जॅकेट आणि त्याचे हेल्मेट जी जागा व्यापतात ती धरल्यावर मागे किती उरते हाच मुख्य प्रश्न असतो.

बसल्यावर पाच गोष्टी पाहायच्या आहेत. पहिली म्हणजे सीटचा उतार. अनेक देखण्या गाड्यांची मागची सीट पुढे कललेली असते. ब्रेक लागला की मागची व्यक्ती घसरत पुढे येते, हेल्मेटवर हेल्मेट टकटक आपटते आणि ती बिचारी दिवसभर हात टेकवून स्वतःला मागे रेटत राहते. असे दोन तास झाले की तिची मनगटे भरून येतात आणि तुमची कंबर. शोरूममध्येच हा उतार ओळखायचा असेल तर सीटवर पाण्याची बाटली आडवी ठेवा. ती आपोआप टाकीकडे गडगडली तर घाटातही तसेच होणार.

दुसरी गोष्ट फुटरेस्टची उंची. मागचे फुटरेस्ट फार वर असले तर गुडघे कोनात दुमडले जातात आणि तासाभरात पायांना मुंग्या येतात. स्पोर्ट प्रकारच्या गाड्यांत हा दोष हमखास असतो. क्रूझर आणि अॅडव्हेंचर प्रकारात तो सहसा कमी असतो, पण गृहीत धरू नका. तिसरी गोष्ट पकडायला काय आहे ती. दोन्ही बाजूंना धरता येईल असा मजबूत ग्रॅब रेल असावा आणि शक्यतो पाठीला टेका असावा. काही गाड्यांना हा टेका कंपनीकडूनच बसवून मिळतो, काहींना अॅक्सेसरी म्हणून घ्यावा लागतो. लांबच्या प्रवासात या एका वस्तूने जेवढा फरक पडतो तेवढा दहा हजारांच्या इतर कुठल्याही अॅक्सेसरीने पडत नाही.

चौथी गोष्ट सायलेन्सर. तो उजव्या पोटरीच्या किती जवळून जातो आणि त्यावर उष्णतारोधक पत्रा कुठपर्यंत आहे ते पाहा. एप्रिल-मेमध्ये निमाडात पारा चाळिशीच्या वर असतो आणि सिग्नलला थांबल्यावर इंजिनाची सगळी धग पायांवर येते. पाचवी गोष्ट चढणे-उतरणे. गाडी साइड स्टँडवरून उचलून तुम्ही दोन्ही पाय टेकवून उभे असताना मागच्या व्यक्तीने डाव्या फुटरेस्टवर पाय ठेवून चढून पाहावे. सीट उंच, मागे कॅरियर आणि त्यावर टॉप बॉक्स असेल तर पाय वरून टाकणे कठीण जाते. आमच्या घरी मागची सीट पत्नीची. तिची उंची पाच फुटांच्या आतबाहेर असल्याने या एका कसोटीवर दोन गाड्या यादीतून बाद झाल्या आणि त्या दोन्ही मला मनापासून आवडल्या होत्या.

कायदाही मागच्या सीटकडे लक्ष ठेवून आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडण्याची सोय, पाय ठेवण्याची सोय आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असणे बंधनकारक आहे. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. गाडी देखणी दिसावी म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत पडली आहे. तुम्ही तसे करू नका. ओढणी, साडीचा पदर, उपरणे, लांब जॅकेटचा बंद यांतले काहीही चेनमध्ये गेले तर काय होते ते सांगायला नको. लांबच्या प्रवासात एका बाजूला पाय टाकून बसणे टाळावे. दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसता येईल असा पोशाख घालून निघावे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. नवरा, बायको आणि मधे मूल असा बेत असेल तर तो मोटरसायकलचा प्रवास नव्हे. त्या पैशांत जुनी चारचाकी पाहावी.

३. वजनाचा हिशेब मांडा

प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत ती जास्तीत जास्त किती भार वाहू शकते ते दिलेले असते. एकूण कमाल वजनातून गाडीचे तेल-पेट्रोलसह वजन वजा केले की तुमच्या वाट्याचा आकडा मिळतो. आता आपला हिशेब करा: चालक ७५ किलो, मागची व्यक्ती ६० किलो, दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून ८ ते १० किलो, कॅरियर आणि रिकामे बॉक्स १० किलो, कपडे, पाणी, अवजारे १५ किलो. म्हणजे बघता बघता १७० किलो होतात. हा आकडा मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर सामान कमी करा किंवा दुसरी गाडी पाहा.

टॉप बॉक्सच्या बाबतीत फसगत फार होते. बॉक्स मोठा असतो म्हणून तो भरला जातो, पण मागच्या कॅरियरवर कंपनीने घातलेली मर्यादा बहुधा मोजक्या किलोंची असते आणि ते वजन मागच्या चाकाच्याही मागे लटकते. मागे माणूस असताना पुढचे चाक आधीच हलके झालेले असते. त्यात मागे जड बॉक्स आला की चढावर हँडल हातात फडफडल्यासारखे वाटू लागते. जड वस्तू बाजूच्या बॅगांत, खाली आणि दोन्हीकडे सारख्या ठेवाव्यात. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, टॉवेल असले हलके सामान असू द्यावे.

४. इंजिन निवडताना सीसीपेक्षा टॉर्क कुठे मिळतो ते पाहा

डबलसीट घाट चढताना उपयोगी पडतो तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. माहितीपत्रकात टॉर्कच्या आकड्यापुढे तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो ते दिलेले असते आणि बहुतेक जण तो आकडा वाचतच नाहीत. रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० ला २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० आरपीएमला मिळतो, होंडा हायनेस सीबी ३५० ला ३० न्यूटन-मीटर ३,००० आरपीएमला, तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सला २२.२ न्यूटन-मीटर ७,३०० आरपीएमला. गंमत अशी की या तिघींत सर्वाधिक ताकद, म्हणजे २६.५ पीएस, व्ही-स्ट्रॉमची आहे. ती गाडी हलकी आहे, मोकळ्या महामार्गावर उत्तम धावते, पण घाटात मागे माणूस असताना तिचा गिअर वारंवार खाली आणावा लागतो. उलट ३५०च्या गाड्या शांतपणे ओढत राहतात आणि ताशी शंभरच्या पुढे मात्र दमतात. ज्यांना धुळे-नाशिक महामार्ग वारंवार करायचा आहे त्यांनी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० सारख्या ४० पीएसच्या वर्गाकडे पाहावे. ओव्हरटेक करताना हाताशी राखीव ताकद असते.

किमतीच्या दृष्टीने ३५० सीसी ही आता मोठी सीमारेषा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. त्यामुळे जुने व्हिडिओ आणि जुन्या लेखांतील किमतींची तुलना आज उपयोगाची नाही. माझे विचाराल तर इंदूरहून शंभर-दीडशे किलोमीटरच्या परिघात फिरणाऱ्या जोडप्याला ३५०चा वर्ग पुरेसा आहे आणि वाचलेले पैसे चांगल्या हेल्मेट-जॅकेटवर खर्च करणे शहाणपणाचे आहे.

सीटची उंची आणि टाकी यांचाही विचार याच वेळी करावा. मीटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर उंच आणि टाकी १५ लिटरची आहे; हायनेसची सीट ८०० मिलिमीटर, टाकी १५ लिटर; व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५ मिलिमीटर आणि १२ लिटर; हिमालयन ४५० ची ८२५ पासून ८४५ पर्यंत बदलता येणारी सीट आणि १७ लिटरची टाकी. एकट्याने चवड्यावर गाडी तोलणे आणि मागे साठ किलो बसलेले असताना तोलणे यांत फरक आहे. दोन्ही पायांचे तळवे निम्म्याहून अधिक टेकत नसतील तर उंच गाडीचा हट्ट सोडावा; मांडूच्या उताराच्या दगडी रस्त्यावर थांबल्यावर याचे महत्त्व पटते.

५. ब्रेक, टायर आणि शॉकअप

१२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लागल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे, पण ते एक चॅनेलचे असेल तर फक्त पुढच्या चाकापुरते असते. मागे माणूस बसल्यावर मागच्या चाकावर भार वाढतो आणि मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त कामाला येतो, म्हणून दोन चॅनेलचे एबीएस असलेलेच मॉडेल घ्या. सोयाबीन निघण्याच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि त्यावर एखादी सर पडली की रस्ता साबणासारखा होतो. त्या वेळी मागच्या चाकाचे एबीएस किती कामाचे ते कळते.

टायर ट्यूबलेस असावेत. तारांच्या चाकांची गाडी देखणी दिसते, पण ट्यूब असेल तर पंक्चर झाल्यावर मागचे चाक खोलावे लागते आणि सामान, बॉक्स, माणूस उतरवून रस्त्याकडेला ते काम करणे म्हणजे अर्धा दिवस गेला. अलॉय चाके किंवा ट्यूबलेस तारांची चाके असलेले व्हेरिएंट मागून घ्या.

मागच्या शॉकअपची स्प्रिंग घट्ट-सैल करता येते का आणि ती किती टप्प्यांत होते ते विचारा. मीटिऑरला सहा टप्पे आहेत, व्ही-स्ट्रॉम एसएक्सला सात. डबलसीट निघताना दोन-तीन टप्पे घट्ट करायचे असतात; तसे न केल्यास गाडी मागे बसते, गतिरोधकाला घासते आणि खड्ड्यात मागच्या व्यक्तीच्या मणक्याला दणका बसतो. ते करण्याचे अवजार टूलकिटमध्ये आहे का, हेही पाहून ठेवा.

६. टेस्ट राइड दोघांनीच आणि दोनदा घ्या

शोरूमची टेस्ट राइड म्हणजे बहुधा चौकापर्यंत जाऊन परत, आणि मागे सेल्समन बसलेला. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी गर्दी नसताना जा, वाहन परवाना सोबत ठेवा आणि मागे तुमची नेहमीची व्यक्ती बसवूनच किमान अर्धा तास गाडी मिळावी अशी विनंती करा. ताटकळत का होईना, बहुतेक ठिकाणी ती मान्य होते. होत नसेल तर त्याच मॉडेलचा मालक ओळखीत शोधा. इंदुरात तो सापडतोच.

या अर्ध्या तासात वेग तपासायचा नाही. गतिरोधक हळू आणि थोड्या वेगात, असे दोन्ही पार करा. एका उड्डाणपुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघा; क्लच किती घासावा लागतो ते कळेल. गर्दीत पहिल्या गिअरमध्ये रांगवा. परत आल्यावर मागच्या व्यक्तीला "कशी वाटली?" असे विचारू नका, कारण उत्तर "छान आहे" असेच येते. तळव्यांना कंप जाणवला का, हात कुठे धरले होते, गरम कुठे लागले, पुढचे काही दिसत होते की फक्त माझी पाठ, असे नेमके प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून ठेवा. दुसरी टेस्ट राइड दुसऱ्या दिवशी घ्या. पहिल्या दिवशीचा उत्साह ओसरल्यावर दोष दिसू लागतात.

७. कोटेशन ओळीओळीने वाचा

ऑन रोड किंमत तोंडी ऐकून समाधान मानू नका. छापील कोटेशन मागा आणि त्यात एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स व नोंदणी, विमा, अॅक्सेसरी, वाढीव वॉरंटी या ओळी वेगळ्या आहेत का ते पाहा. "हँडलिंग चार्ज" किंवा "लॉजिस्टिक" नावाची ओळ आढळली तर ती कशासाठी आहे ते लेखी विचारा. "भैया, ये तो सबको लगता है" हे त्यावरचे ठरलेले उत्तर आहे. शांतपणे नकार दिल्यास ही रक्कम बहुधा निघते. निघाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. अॅक्सेसरीचे ठरलेले पॅकेज सक्तीने गळ्यात मारले जात असेल तर तिथून उठावे.

विमा शोरूममधूनच घेण्याचे बंधन नाही. बाहेरून दर काढून आणले की आतला दरही खाली येतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे; स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा असून त्यात झीरो डेप्रिसिएशन (बदललेल्या भागांची घसारा न कापता भरपाई) आणि रस्त्यावरील मदत हे जोड घ्यावेत. डबलसीट फिरणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र वेगळीच आहे. मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, त्यात मागची व्यक्ती येत नाही. आणि निव्वळ कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले आहे. म्हणून सर्वसमावेशक पॉलिसी घ्या आणि मागे बसणाऱ्याचे अपघात संरक्षण वेगळे जोडून ते पॉलिसीच्या कागदावर छापून आले आहे याची खात्री करा.

८. कागदपत्रे

तुमच्याकडून लागतात ती:
– आधार आणि पॅन
– पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असल्यास भाडेकरार
– पासपोर्ट आकाराची छायाचित्रे
– गिअरच्या दुचाकीचा वाहन परवाना
– कर्ज असल्यास बँकेचे विवरण, रद्द केलेला धनादेश आणि उत्पन्नाचा पुरावा
– विम्यासाठी वारसाचे नाव व जन्मतारीख

शोरूमकडून तुम्हाला मिळायला हवीत ती: कर बीजक, विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, रस्तायोग्यता प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २२, नोंदणी अर्ज फॉर्म २० ची प्रत, विमा पॉलिसी, रोड टॅक्सची पावती आणि वॉरंटी कार्ड. फॉर्म २० वर सही करण्यापूर्वी नाव आणि पत्ता अक्षर न अक्षर वाचा; हिंदी, इंग्रजी आणि मराठी अशा तीन वळणांतून गेलेली आपली आडनावे तिथे हमखास बिघडतात आणि नंतर दुरुस्तीसाठी नायता मुंडल्याच्या परिवहन कार्यालयात खेटे घालावे लागतात.

महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त नुकतेच इंदुरात आलेल्यांनी गाडी एमपी ०९ क्रमांकावर घ्यायची की गावी, हे आधी ठरवावे. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची झाल्यास तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्र लागते. सरकारी कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी भारत मालिकेतील बीएच क्रमांक घेऊ शकतात, ज्याला राज्य बदलल्यावर पुन्हा नोंदणी लागत नाही. त्यांच्यासाठी तो मार्ग सोपा आहे.

९. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी

पूर्ण पैसे भरण्याआधी, दिवसाउजेडी, तुम्हाला मिळणारी नेमकी तीच गाडी पाहा. चासी आणि इंजिन क्रमांक कागदांशी जुळवा, निर्मितीचा महिना पाहा, ओडोमीटरवर आकडा किती आहे ते पाहा. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार अंकांतून तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला ते कळते. टाकी, सायलेन्सर आणि इंजिनाच्या खालच्या भागावर ओरखडे शोधा. दोन किल्ल्या, टूलकिट आणि पुस्तिका मागा. गाडीबरोबर हेल्मेट देण्याची तरतूद नियमांत आहे, तेही मागा. नोंदणी क्रमांक आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. मुहूर्त टळतो म्हणून दसऱ्याला बिननंबरची गाडी दामटणारे दरवर्षी दिसतात. मुहूर्त हवाच असेल तर बुकिंग तीन आठवडे आधी करा.

१०. दोघांसाठी सारखी साधने

हेल्मेटबाबत दोघांना कायदा सारखाच आहे: कलम १२९ प्रमाणे मागच्या व्यक्तीलाही हेल्मेट सक्तीचे आहे आणि त्यावर आयएसआय चिन्हासह आयएस ४१५१ हे मानक असले पाहिजे. मोडल्यास एक हजार रुपये दंड आणि परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. पण दंडापेक्षा मुद्दा असा की चालकाला आठ हजारांचे आणि मागच्या व्यक्तीला रस्त्याकडेचे टोपीवजा, अशी वाटणी घराघरांत दिसते. पूर्ण चेहरा झाकणारे, मापाचे हेल्मेट दोघांना घ्या. गाडीच्या बजेटमधून दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्याच दिवशी यासाठी बाजूला काढा. ब्लूटूथ इंटरकॉम चैनीचा वाटेल, पण मागच्या व्यक्तीला "थांब" म्हणता येणे ही चैन नव्हे.

११. पहिले महिने

नवीन इंजिनाच्या सुरुवातीच्या किलोमीटरांसाठी पुस्तिकेत वेगाची मर्यादा असते; पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत घाट आणि पूर्ण भार टाळा, डबलसीट उज्जैनपर्यंतच्या सपाट फेऱ्या करा. त्यानंतर दोघे बसलेले असताना तीन गोष्टी जुळवून घ्या. मागच्या टायरची हवा पुस्तिकेतील डबलसीटच्या आकड्याप्रमाणे वाढवा. शॉकअप घट्ट करा आणि त्यानंतर चेनचा ढिलेपणा पुन्हा मोजा. आणि रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइटचा झोत पाहा: मागे वजन आले की पुढचे तोंड वर होते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हेडलाइटमागच्या स्क्रूने तो खाली आणता येतो. सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम करून घेताना मागच्या व्यक्तीला गाडीवर बसवूनच करून घ्या, कारण रिकाम्या गाडीवर लावलेला झोत महामार्गावर उपयोगाचा नसतो.